पासलीचा काळोख

तोरण्याच्या पायथ्याचें वेल्हे मागें टाकून केळदच्या रस्त्याला लागलें कीं डोंगरांच्या कुशींत पासली हें लहानसें गांव लागतें. मढे घाटाकडे धांवणारे पुणेकर येथें सहसा थांबत नाहींत. आम्ही थांबलों तें केवळ काळोखासाठीं. सन २०२५ ची कार्तिकी अमावास्या होती. भातें कापून झालीं होतीं, खाचरें मोकळीं पडलीं होतीं, आणि आकाश असें कीं आमच्या शहरी मुलांना तें खरेंच वाटेना.

बरोबर आमचे भाऊकाका होते. त्याच वर्षीं २० मे रोजीं डॉ. जयंत नारळीकर पुण्यास निवर्तले, तेव्हांपासून भाऊकाकांना एका प्रश्नानें ग्रासलें होतें. विश्वाला आरंभ होता हें बहुतेक पंडितांनीं मान्य केलें, मग एवढा मोठा गणिती जन्मभर कां अडून बसला ?

अंगणांत घोंगडें पसरून मीं मुलांना देवयानी दीर्घिका दाखविली. पुसट धुरकट ठिपका तो. पण त्याचा प्रकाश पंचवीस लक्ष वर्षांपूर्वीं निघालेला! आमच्या पाठीखालचा काळा कातळ सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांचा, आणि विश्वाचें वय १३८० कोटि.

"त्याच्या आधीं काय होतें ?" धाकट्या पुतणीनें विचारलें.

येथेंच आइन्स्टाइनचें गणित थकतें. मागें मागें जावें तों घनता अनंत होते, आणि अनंत आलें कीं समीकरणें मुकीं होतात. परंतु विश्व अणूहूनहि सूक्ष्म होतें तेव्हां त्याला अणूचेच, म्हणजे पुंजवादाचे, नियम नकोत काय ? त्या नियमांत अमुकच एक स्थिति निश्चित नसते. अनेक शक्यता एकत्र नांदतात. अवकाशाचें मापच असें डळमळूं लागलें तर काय होईल, हें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत असतांना नारळीकरांनीं आणि पुढें त्यांच्यासह ताणु पद्मनाभन् यांनीं मांडून पाहिलें. १९८६ मध्यें त्यांचा संयुक्त ग्रंथ निघाला. त्यांच्या गणितांत अनंत घनतेच्या बिंदूंतून विश्व निघाल्याची शक्यता नगण्य ठरली.

"म्हणजे अडून बसले नव्हते तर," भाऊकाका म्हणाले. क्षणभरानें स्वतःच हरकत काढली, "पण १९६५ सालीं सर्व आकाशांतून येणारें तें मंद प्रारण सांपडलें ना ? तरी १९९३ मध्यें हॉईल आणि बर्बिज यांच्यासह पुन्हा आरंभाविना विश्व मांडलें, तो हट्टच कीं !"

मला नाहीं म्हणवेना. त्या प्रारणाचें त्यांनीं दिलेलें स्पष्टीकरण बहुतेकांना पटलें नाहीं; मलाहि पटत नाहीं. मात्र पहिल्या क्षणाचा प्रश्न त्यामुळें सुटत नाहीं. गुरुत्वाकर्षण व पुंजवाद यांची पुरती सांगड अजून कोणालाच घालतां आलेली नाहीं, त्यामुळें पुतणीला द्यावयास माझ्याजवळ उत्तर नव्हतें. तसें तिला सांगितलें, तर ती रुसली.

भाऊकाकांनीं हलक्या स्वरांत नासदीय सूक्त म्हणावयास घेतलें. आंतून भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता. दंव पडूं लागलें तशी घरच्या आजींनीं ओसरीवरूनच हांक दिली, "लेकरांनो, आंत या, पिठलं निवतंय." मुलें उठलीं, भाऊकाका मात्र वर पाहतच बसले.