एका कपाची भट्टी

मोतीबिंदू काढल्यानंतरही डाव्या डोळ्यावर पूर्वीचा इतबार राहिला नाही, या सबबीवर गलाईच्या भट्टीचा कारभार चिरंजीवांच्या हाती सोपवून मी जो घरी बसलो, तो स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हसमोर येऊन स्थिरावलो. आणि खानापूर-आटपाडीकडून सोन्याचांदीच्या आटणीसाठी मद्रासेस, या जॉर्ज टाउनच्या साहुकारपेठेत येऊन राहिलेल्या आम्हा मंडळींपैकी एखाद्याने उतारवयात एका कपापुरत्या चॉकलेट केकात कीर्तीची हाव धरावी, याचे आमच्या गल्लीला अद्याप नवल वाटते.

कोको, मैदा, साखर, तेल यांची प्रमाणे सर्वांस ठाऊक आहेत. त्यांवर शाई खर्चण्यात अर्थ नाही. माझा सारा झगडा एकाच प्रश्नाशी आहे : थांबावे केव्हा? सोने १०६४ अंशांवर वितळते, आणि मुशीतल्या त्या रसाच्या झळाळीवरून कारागीर जे ओळखतो ते त्याला कोणत्याही घड्याळाने सांगावे लागत नाही. इथे मात्र डोळ्याला कामच नाही. ओले पीठ शंभर अंशांच्या फारसे वर चढत नाही, तांबूसपणाला त्याहून पुष्कळ अधिक उष्णता लागते, आणि कोकोमुळे रंग तर आधीच काळा. तेव्हा रंग पाहून निर्णय करण्याची वाट दोन्ही बाजूंनी बंद. दहा सेकंद अधिक गेले की कडा चिवट होतात, दहा कमी पडले की बुडाशी कच्चे पीठ राहते. शेजारच्या जैन कुटुंबांसाठी अंड्याऐवजी दही घालावे, तर अडचण दुणावते : अंड्यातली प्रथिने गोठून जो आधार देतात तो नाहीसा होऊन सारा भार मैद्यातल्या स्टार्चवर येतो, आणि साखर त्या स्टार्चचे फुगणे लांबणीवर टाकते. मद्रासी घरातला स्टीलचा टंब्लर तर बादच, कारण धातू या लहरींना आत शिरण्याची मुभाच देत नाही.

या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर. पेटीत त्या काही ठिकाणी तीव्र, काही ठिकाणी क्षीण पडतात, म्हणून कप फिरत्या ताटलीच्या मध्यावर न ठेवता कडेला ठेवावा. ही गोष्ट मी दीर्घकाळ कोणास सांगितली नाही. विचारणाऱ्यास ‘हात बसावा लागतो’ असे गंभीर उत्तर देई, आणि त्या उत्तराने जी प्रतिष्ठा वाढे ती मला केकाहून गोड लागे.

नातीने तो सारा बंदोबस्त मोडला. ती कप कडेला तर ठेवतेच, शिवाय वारंवार दार उघडून केकाला बोट लावून पाहते. मी हरकत घेतली, तेव्हा म्हणाली, “आबा, तुम्ही न उघडता ओळखता, हे दाखवायलाच उघडत नाही ना?” तिच्या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते, तरी माझी हरकत निराधार नव्हती, वाफेवर तोललेला केक दार उघडताच थोडा बसतो, आणि बिनअंड्याचा अधिक बसतो. उघडले नाही तर कळत नाही, उघडले तर बसतो. हा पेच तिलाही सुटलेला नाही, एवढेच माझे समाधान.

हॉटेलवाल्यांनी तर पेच सोडवण्याऐवजी त्याचेच नाव पालटले : कच्चे राहिलेले पीठ ते ‘लाव्हा’ म्हणून विकतात. चॉकलेटची वडी मध्यभागी पुरली आणि भोवतालचा केक शिजता शिजता ती वितळली, तर जो वाहतो तो रस खरा. मैद्याचा कच्चा वास ज्याला येतो तो नव्हे. पाण्यात कालवायच्या तयार पाकिटांविषयी मी लिहितच नाही.

संध्याकाळी आमच्या भागात विजेचा दाब उतरला, की पेटीचा जोरही उतरतो आणि दुपारचे सेकंद रात्री चालत नाहीत. म्हणून कोणी माझ्याकडे सेकंदांचा आकडा मागायला येऊ नये. यायचेच तर आपला कप घेऊन यावे, आणि तो जाड मातीचा असावा.