अण्णांचं लाईट बिल

लाईट बिलाची मागची बाजू वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय. पुढच्या बाजूचंही आपण काय वाचतो? ठळक अक्षरातला आकडा आणि शेवटची तारीख. बाकी मीटर क्रमांक, मागील रीडिंग, चालू रीडिंग, वहन आकार, इंधन समायोजन वगैरे मजकूर म्हणजे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना येणाऱ्या अटी-शर्तींसारखा. न वाचता 'मान्य आहे' म्हणायचं आणि पुढे जायचं.

माझे अण्णा मात्र तसे नाहीत. अण्णा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, आता शहात्तर वर्षांचे आहेत. सांगलीत विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट. मुलगी लग्न होऊन हुबळीला. घरात ही दोघंच. अण्णांची पेन्शन महिना अडीच हजारांच्या आत (एसटीवाल्यांची पेन्शन म्हणजे ती ईपीएस-९५ वाली, जाणकारांना कळलं असेल), बाकी एफडीच्या व्याजावर चालतं. तर या माणसाकडे एक लांबोडकी वही आहे. तीत २००९ पासूनचं प्रत्येक लाईट बिल नोंदवलेलं: तारीख, युनिट, रुपये, कधी भरलं. एकही महिना चुकलेला नाही. एकही बिल उशिरा भरलेलं नाही.

२०२४ च्या मे महिन्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं : ४१२ युनिट, साडेपाच हजार.

एरवी महिन्याला ११० ते १३० युनिट आणि अकराशे-बाराशे रुपये यायचे. पंधरा वर्षांच्या त्या वहीत १४० च्या वर एकदाही आकडा गेलेला नव्हता. पण डिसेंबरपासून तो दीडशेला पोचला होता, आणि एप्रिलला थेट तीनशे, साडेतीन हजार. ते बिल अण्णांनी कोणाला न सांगता भरून टाकलं होतं. "दर वाढलेत १ एप्रिलपासून, पेपरात होतं." दर वाढले होते हे खरंच. पण दर वाढल्याने रुपये वाढतात हो, युनिट कसे वाढतील?

मला हे सगळं कळलं ते मेच्या शेवटी, तेही आडून आडून. आत्याचा फोन आला की फ्रिज जुना झाला म्हणून बिल जास्त येतं का रे? मग हळूहळू बाहेर पडलं. एप्रिलच्या बिलानंतर तिने रात्री फ्रिज बंद करायला सुरुवात केली होती. अण्णा रात्री अकरापर्यंत गॅलरीत बसायचे, घरात फक्त एक पंखा, तोही दोनवर. सांगलीचा मे ज्यांनी अनुभवलाय त्यांना हे सांगायला नको. वर एक दिवस मोबाईलवर मेसेज आला होता, 'आज रात्री साडेनऊ वाजता तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर लगेच फोन करा'. आत्या देवापाशी निरांजन आणि काडेपेटी काढून बसली होती म्हणे. अण्णांनी फोन केला नाही, कारण मेसेज इंग्रजीत होता आणि नंबर दहा आकडी. वाचले. तो सरळ सरळ फसवणुकीचा मेसेज, असे मेसेज २०२२ पासून फिरतायत. थकबाकीसाठी वीज तोडायची तर कायद्याने आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते, रात्री साडेनऊची वेळ देऊन कोणी येत नाही. तुमच्याही घरी कोणी वडीलधारं असेल तर एवढं आजच सांगून ठेवा.

असो. १ जूनच्या शनिवारी मी सांगलीत होतो.

बग शोधताना आमच्याकडे पहिला नियम असतो, अंदाज बांधण्याआधी आकडे बघा. मी घरातली सगळी उपकरणं कागदावर मांडली. दोन पंखे, प्रत्येकी ७५ वॅट, बारा-बारा तास धरले तर दिवसाला १.८ युनिट. फ्रिज साधारण सव्वा. टीव्ही अर्धा. ट्यूबलाईटी पाऊण. (एक युनिट म्हणजे हजार वॅटचं यंत्र तासभर, शाळेत शिकलेलं.) आंघोळीचं पाणी गॅसवर. मिक्सर, इस्त्री धरूनही दिवसाला साडेचारच्या वर जाईना. महिन्याला १३०-१३५. अण्णांच्या वहीशी जुळतं. मग उरलेले पावणेतीनशे युनिट गेले कुठे? पावणेतीनशे म्हणजे रात्रीला नऊ. रोज रात्री नऊ युनिट खाणारं यंत्र दोन खोल्यांत लपून राहील का?

आणि बिल तिप्पट न होता पाचपट का झालं, हेही आत्याला समजावून सांगावं लागलं. आपल्याकडे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. शंभर युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा. पहिल्यातून दुसऱ्यात गेलं की दर दुपटीच्या वर जातो. वरून १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे शेवटचं युनिट सगळ्यात महाग. "म्हणजे गरिबाचं युनिट वेगळं आणि श्रीमंताचं वेगळं?" आत्याने विचारलं. तसंच काहीसं. फक्त इथे गरीब माणूस श्रीमंताच्या रांगेत उभा होता.

खाली जिन्याजवळ मीटरची पेटी आहे. प्रत्येक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो, तो उगाच नाही. शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की एका युनिटला किती लुकलुक. आमच्याकडे ३२०० होतं. गणित केलं तर ११२५ भागिले दोन लुकलुकींमधले सेकंद, की झाले वॅट. सेकंदाला एकदा लुकलुकला तर सव्वाअकराशे वॅट चालू आहेत. पाच सेकंदांनी लुकलुकला तर सव्वादोनशे. फुकटचं मोजमाप यंत्र दाराखाली लावलेलं असतं आणि आपण त्याकडे कधी बघत नाही!

बिलावरचा मीटर क्रमांक शोधून मी पुढ्यात उभा राहिलो. वर घरात फ्रिज आणि एक पंखा चालू. पाच-सहा सेकंदांनी एकदा दिसायला हवं. इथे सेकंदाला दीड वेळा. अण्णांना वरून हाक मारून सांगितलं, मेन स्विच पाडा.

पाडला. दिवा लुकलुकतच राहिला. त्याच चालीने.

आणि शेजारच्या मीटरचा दिवा थांबला.

मेन चालू, शेजारचा सुरू. मेन बंद, शेजारचा बंद. तीनदा केलं. चौथ्यांदा अण्णा स्वतः खाली आले आणि आत्याने वरून स्विच पाडला. अण्णा बराच वेळ दोन्ही मीटरांकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी वरच्यांचं बिल भरतोय."

२०२३ च्या डिसेंबरात इमारतीतले सगळे मीटर बदलले होते. बदलताना आमच्या नावावर लिहिला गेला तो मीटर वरच्या घराच्या वायरला, आणि वरच्यांच्या नावावरचा आमच्या वायरला. इतकंच. थंडीत वरच्यांचा आणि आमचा वापर फार वेगळा नव्हता म्हणून चार महिने खपून गेलं. एप्रिलमध्ये त्यांनी एसी घेतला.

आता गंमत बघा. अण्णा आधीच एकदा कार्यालयात जाऊन आले होते. खिडकीतल्या माणसाने सांगितलं होतं, मीटरबद्दल शंका असेल तर टेस्टिंगची फी भरा, मीटर तपासून देऊ. अण्णांनी फी भरली असती तर काय झालं असतं? मीटर शंभर टक्के बरोबर निघाला असता! तो अचूकच मोजत होता, फक्त दुसऱ्याचं मोजत होता. सगळ्या टेस्ट पास आणि कॉन्फिगरेशनमध्ये घोळ, हे प्रॉडक्शनमध्ये आम्ही रोज बघतो. पण अण्णांच्या हातात अधिकृत कागद आला असता की बिल बरोबर आहे, आणि त्यानंतर त्यांनी कोणाला काही विचारलंच नसतं.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. अवघड भाग यापुढचा.

मी उत्साहात अर्ज लिहायला बसलो तर अण्णा म्हणाले, "राहू दे. अर्ज नको."

वरती एक तरुण जोडपं राहतं. माझ्याच वयाचं. मार्चमध्ये त्यांना मुलगी झाली, एसी घेतला तो तिच्यासाठी. आणि २०२२ मध्ये आत्याला रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागलं तेव्हा याच मुलाने स्वतःच्या गाडीतून तिला मिरजेला नेलं होतं. मी पुण्यात होतो. हुबळीची ताई सकाळी पोचली. तोवर तो तिथे बाकावर बसून होता.

"लेकरासाठी लावतायत एसी. दोन महिने उन्हाळ्याचे. त्यांच्यावर एकदम दहा-अकरा हजार पडतील. मी भरतो."

"अण्णा, तुम्ही पेन्शनीच्या दुप्पट बिल भरणार? आणि पावसाळ्यानंतर? पुढच्या उन्हाळ्यात?"

अण्णा गप्प. मला राग येत होता, आणि नेमका कोणावर काढावा ते कळत नव्हतं. अण्णांचं म्हणणं मला पटत नव्हतं तसं खोडताही येत नव्हतं. मी त्या रात्री त्या बाकावर नव्हतो, हे काही वॅटमध्ये मोजून वजा करता येत नाही.

निकाल आत्याने लावला. पोळ्या लाटता लाटता, मान वर न करता. "बिल ज्याचं त्याला. उपकार उपकाराच्या जागी. उद्या त्याला दुसरीकडून कळलं तर म्हणेल, काकूंनी मला भीक घातली." आणि मग, "आधी त्याला सांगायचं. कागद नंतर."

रविवारी सकाळी अण्णा आणि मी वर गेलो. त्यांनी चहा ठेवला. अण्णा पावसावर बोलले, बाळाच्या वजनावर बोलले, मूळ विषयाला यायला पंचवीस मिनिटं लागली. तो खाली आला, त्याच्या बायकोने वरून मेन पाडला, आमच्या नावावरचा दिवा थांबला. तो काही क्षण काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला वाटलं एसी फाइव्ह स्टार आहे म्हणून बिल कमी येतंय."

हे खरं की खोटं, मी अजून ठरवू शकलेलो नाही. दोन महिने एसी लावून अकराशेचं बिल आल्यावर मी काय केलं असतं? विचारायला गेलो असतो का कार्यालयात, की बिल कमी का? तुम्ही गेला असतात? :-)

सोमवारी रजा टाकली आणि दोघांच्या सहीचा एकच अर्ज घेऊन कार्यालयात गेलो. 'बिल कमी करून मिळावे' असं त्यात कुठेही लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं की दोन ग्राहक क्रमांकांचे मीटर अदलाबदल झाले आहेत, स्थळतपासणी करावी आणि मीटर बदलल्याच्या तारखेपासून दोन्ही बिले दुरुस्त करावीत. सोबत वहीच्या पानांच्या झेरॉक्स. खिडकीतल्या बाईंनी पान उलटून उलटून बघितलं, शेजारच्यांना दाखवलं. अर्जाच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हललो नाही. अण्णांनी हे मला आधीच बजावलं होतं, "पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समज."

मे महिन्याच्या बिलाचं काय करायचं हा प्रश्न होताच. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये यासाठी सोय आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. बिलाबद्दल वाद असेल तर हरकत नोंदवून एक तर मागितलेली रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांत भरलेल्या आकाराची सरासरी, यातली जी कमी असेल ती भरायची. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. अण्णांची सरासरी निघाली पावणेअठराशे. "असं कुणी भरत नाही," खिडकीतून उत्तर. कलमाची प्रिंट काढून नेली होती. ती आत साहेबांकडे गेली, अर्ध्या तासाने सही होऊन परत आली. इथे अडलं असतं तर पुढे ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत, पण तिथवर जावं लागलं नाही.

तपासणीला तीन आठवडे लागले. वायरमन आला, मेन पाडला, दिवा बघितला, दोन मिनिटांत पंचनामा. जाताना म्हणाला, टेपवर नंबर लिहिताना होतं कधी कधी. झालं!

वरच्यांच्या अंगावर अकरा हजारांच्या आसपास फरक आला. त्यांनी हप्ते पाडून घेतले. त्यानंतर महिनाभर तो जिन्यात भेटला की फोन कानाला लावायचा, असं आत्या सांगते. मग गौरीच्या वेळी त्याची बायको बाळाला घेऊन हळदीकुंकवाला आली आणि तासभर बसली. तो अजून पूर्वीसारखा येत नाही. अण्णांना ते लागतं. बोलत नाहीत, पण वरून चपलांचा आवाज आला की दाराकडे बघतात.

अण्णांचं दुरुस्त बिल ऑगस्टमध्ये आलं. जास्त भरलेले पैसे जमा धरल्यामुळे रकमेच्या आधी उणे चिन्ह होतं. आत्याने फोनवर सांगितलं की अण्णा ते बिल घेऊन शेवटच्या तारखेच्या आत रांगेत जाऊन उभे राहिले होते. नंबर आल्यावर खिडकीतल्या बाईंनी विचारलं, काका, यात भरायचं काहीच नाही, कशाला आलात? तर म्हणाले, काही नाही, वहीत तारीख लिहायची असते.