फोटोग्राफीच्या नादांत

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली त्याच दिवशीं आठव्या इयत्तेंतील एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. "सर, पोरगा कॅमेऱ्यासाठीं हटून बसला आहे. कोणता घेऊन द्यावा?" असा त्यांचा प्रश्न होता. मुलाच्या गणिताविषयीं ते कांहीं विचारतील अशी आमची अपेक्षा होती, व त्याविषयीं बोलण्यासारखें पुष्कळ होतेंहि. परंतु गांवांत आमची ओळख शिक्षक म्हणून जेवढी आहे त्याहून अंमळ अधिक, गळ्यांत कॅमेरा अडकवून हिंडणारा मनुष्य म्हणून आहे, हें आम्ही जाणून आहों. त्या दिवशीं उभ्या उभ्या दिलेलें उत्तर अपुरें होतें. तें येथें पुरें करीत आहों.

पहिलें उत्तर हें कीं, वर्षभर कांहींच विकत घेऊं नये. घरांत जो मोबाईल आहे त्याचें भिंग मऊ सुती कापडानें पुसून घ्यावें. बोटांचें तेल भिंगावर बसतें व त्यामुळें दिव्याभोंवतीं धुरासारखें वलय दिसतें. लोक मात्र दोष कॅमेऱ्यास देतात. दुसरें असें कीं, ज्या मोबाईलांत दूरचें निराळें भिंग नाहीं, त्यांत दोन बोटें फांकवून चित्र मोठें करणें म्हणजे आहे त्या चित्राचा तुकडा कापून तो ताणणें होय. त्यापेक्षां चार पावलें पुढें जावें. वर्ष उलटल्यावरहि नाद टिकला तर वापरलेला, पण भिंग बदलतां येणारा कॅमेरा घ्यावा आणि त्यास ५० मिलिमीटरचें, एफ १.८ छिद्राचें एकच भिंग लावावें. तें स्वस्त असतें, अंधुक उजेडांतहि उपयोगी पडतें, आणि त्यास मागेंपुढें करतां येत नसल्यामुळें मुलास स्वतःचे पाय वापरावे लागतात. जुनें भिंग घेतांना त्यांतून विजेरीचा उजेड पाडून आंत बुरशीचे तंतू आहेत काय तें पाहावें. चामडी पिशवी दिसावयास सुंदर, पण पावसाळ्यांत ती ओल धरते व बुरशीस तेवढेंच पुरतें. घट्ट झांकणाचा डबा व त्यांत सिलिका जेलची पुडी हें बरें. वैशाखांत बंद मोटारींत कॅमेरा ठेवून लग्नास जाणाऱ्यांस आम्हीं काय सांगावें! अकोल्याचें ऊन कोणास नवें नाहीं.

त्या उन्हाविषयींच आतां दोन शब्द. आमच्याकडे दुपारचें ऊन डोक्यावरून सरळ खालीं येतें. त्यांत उभ्या केलेल्या मनुष्याच्या डोळ्यांच्या जागीं दोन काळे खळगे तेवढे दिसतात. म्हणून पुष्कळजण त्यास निंबाखालीं नेतात. परंतु पानांतून गळणारे कवडसे चेहऱ्यावर पडतात आणि बिचाऱ्यास कोड फुटल्यासारखें दिसतें. ओसरीच्या कडेला, ऊन जेथें संपतें त्याच्या एक हात आंत, तोंड अंगणाकडे करून माणसास बसवावें. अंगणांतून परतून येणारा उजेड चेहऱ्यावर सारखा पसरतो. यास पैसा पडत नाहीं, आणि हजारों रुपयांचे दिवेहि याहून फार वेगळें कांहीं करीत नाहींत.

वऱ्हाडांत राहणाऱ्या फोटोग्राफरानें एक गोष्ट मात्र इतरांपेक्षां अधिक नीट शिकली पाहिजे. कॅमेऱ्यास पांढरें व काळें यांची ओळख नसते. समोर जें असेल त्याची सरासरी काढावी व ती मध्यम करड्या रंगावर आणून ठेवावी, एवढेंच त्यास शिकविलेलें असतें. आमच्या उमेदवारीच्या काळांत आम्हीं अकोल्यास एका जिनिंगच्या आवारांत कापसाच्या ढिगावर काम करणाऱ्या बायांचीं चित्रें घेतलीं. ढीग दुमजली घराएवढा, हिंवाळ्याची सकाळ, आणि मनांत अशी खात्री कीं आज कांहीं तरी अपूर्व हातीं लागणार. घरीं येऊन पाहतों तों कापूस चुलींतल्या राखेसारखा व बायांचे चेहरे कोळशासारखे! कॅमेऱ्यानें आपल्या बुद्धीप्रमाणें एवढें पांढरें पाहून उजेड फार आहे असें ठरविलें व तो कमी केला. अशा वेळीं अधिक-उणे अशी जी खूण कॅमेऱ्यावर असते ती अधिकाकडे एक ते दीड स्टॉप सरकवावी. उलट, नांगरलेल्या काळ्या रानांत उभ्या असलेल्या शेतकऱ्याचें चित्र घेतांना ती उण्याकडे न्यावी, नाहीं तर आपली काळी माती रस्त्यावरच्या धुळीसारखी दिसते. चिखलदऱ्याच्या धुक्याला नियम कापसाचाच.

ज्यांस आंकड्यांची आवड आहे त्यांनीं याहून जुना एक नियम पाठ करावा. निरभ्र उन्हांत छिद्र १६ या आंकड्यावर ठेवावें आणि आय.एस.ओ. १०० असल्यास शटर सेकंदाच्या शंभराव्या किंवा सव्वाशेव्या भागावर. या नियमाचा गुण हा कीं, तो समोरच्या वस्तूकडे पाहतच नाहीं, सूर्याकडे पाहतो. म्हणून कापूस पांढरा राहतो आणि माती काळी.

हालत्या वस्तूंस निराळें कौशल्य लागतें. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळांत (ही संस्था १९१४ सालापासूनची) मल्लखांब पाहावयास आम्ही विद्यार्थ्यांस घेऊन जातों. तेथें शटर सेकंदाच्या पांचशेव्या भागापर्यंत न्यावें लागतें, हें खरें. पण त्याहून महत्त्वाचें म्हणजे प्रत्येक उडीच्या शिखरावर अंग क्षणभर थबकतें तें ओळखणें. पहिल्या दिवशीं नुसतें पाहावें.

आतां आमच्या फजितीची गोष्ट. १९९४ सालच्या एप्रिल महिन्यांत आमचें वय तेरा होतें. मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळास व दुसरीकडे अचलपुरास जाणारी अरुंद रुळांची "शकुंतला" तेव्हां वाफेच्या एंजिनावर चालत असे. कापूस वाहून नेण्यासाठीं इंग्रज कंपनीनें घातलेला हा रस्ता. एंजिन १९२१ सालीं मँचेस्टरला बांधलेलें, सत्तर वर्षें राबलेलें, व आतां तें काढून डिझेलचें लावणार अशी बातमी होती. आमचे वडील याच शाळेंत शिक्षक होते. त्यांनीं मामांचा कॅमेरा मागून आणला, ३६ चित्रांची फिल्म विकत घेतली आणि आम्हांस मूर्तिजापुरास नेलें. फिल्म आम्हीं स्वतः भरली. वडिलांस हात लावूं दिला नाहीं. फलाटावर इकडून तिकडे धांवत आम्हीं छत्तीसच्या छत्तीस चित्रें घेतलीं. शेवटच्या कांहींत वडिलांस एंजिनाजवळ उभें केलें. ड्रायव्हरानें त्यांस पायरीवर चढूं दिलें. एका हातानें दांडा धरून ते आमच्याकडे पाहून हंसत होते.

स्टुडिओवाल्यानें फिल्म धुऊन आमच्या हातांत एक नारिंगी, कोरी पट्टी ठेवली. फिल्मचें टोक पलीकडच्या चक्रींत अडकलेंच नव्हतें. चावी फिरत होती, आंकडा पुढें सरकत होता, फिल्म जागच्या जागीं होती. डावीकडची गुंडी चावीबरोबर फिरते कीं नाहीं एवढें पाहिलें असतें तर कळलें असतें. हल्लीं कांहीं मुलें हौसेनें पुन्हां फिल्मकडे वळत आहेत, त्यांच्यासाठीं हें सांगून ठेवतों. आम्ही रडलों. वडील म्हणाले, "फिल्म कोरी निघाली, बेटा, पण गाडी तर आपण पाहिली ना?" त्याच महिन्यांत एंजिन निघालें. आतां तर ती गाडीच कित्येक वर्षें बंद आहे.

पुढें आम्हांस कॅमेरा मिळाला, नोकरी लागली, आणि सुटी पडली कीं वडील आमच्याबरोबर तिवई खांद्यावर घेऊन निघत. गाविलगडाच्या दरवाजापुढें ढग सरण्याची वाट पाहत ते तीन तीन तास बसलेले आहेत. बाळापूरच्या छत्रीचे चाळीस फोटो आमच्यापाशीं आहेत.

२०१९ सालीं वडील गेले. प्रार्थनासभेसाठीं त्यांचें चित्र हवें म्हणून आम्ही संगणक उघडून बसलों. अकरा हजारांवर चित्रें होतीं. धुकें होतें, किल्ले होते, पळसाचीं फुलें होतीं. वडील कोठें होते? एका चित्राच्या कडेला तिवई धरलेला हात; एकांत पाठ; एकांत आमच्या कॅमेऱ्यावर पाऊस पडूं नये म्हणून धरलेली छत्री व त्याखालीं अर्धा खांदा. जवळून घेतलेला चेहरा एकहि नाहीं. छिद्र, शटर, आय.एस.ओ. यांपैकीं त्या वेळीं आमचें कांहीं चुकत नव्हतें.

शेवटीं शाळेच्या कपाटांत १९८७ सालच्या सातवीच्या वर्गाचा ग्रूप फोटो सांपडला. त्यांत वर्गशिक्षक म्हणून ते मध्यभागीं बसले आहेत. चेहरा हरभऱ्याच्या डाळीएवढा. तोच मोठा करून घेतला. डोळे नीट आले नाहींत.

तेव्हांपासून आम्ही विद्यार्थ्यांस पहिलें काम देतों तें असें: घरांतील सर्वांत वडील माणसाचें, तें आपलें नेहमींचें काम करीत असतांना, चित्र घेऊन या. आजी दारांत बसून ज्वारी निवडीत असेल तर उत्तमच; एका बाजूनें येणारा उजेड हात व चेहरा दोन्ही उठावदार करतो. "आजी, इकडे पाहा" असें म्हणूं नये. बोलत राहावें.

आणि घेतलेलें चित्र जपावें. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला उतरण्यासाठीं १८४४ सालीं रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. वर्षानुवर्षें खपून त्यांनीं केलेल्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें टांगल्या होत्या; १८६६ सालच्या डिसेंबरांतील आगींत त्यांतील बहुतेक जळाल्या. परंतु याच गृहस्थांनीं कॅमेराहि हातीं धरला होता. त्या काळीं काचेवर रसायनाचा थर द्यावयाचा, ती ओली असतांनाच चित्र घ्यावयाचें व वाळण्यापूर्वीं काळोख्या तंबूंत धुवावयाचें. त्यांच्या चित्रांचीं पुस्तकें १८६४ सालीं लंडनांत निघालीं, प्रती अनेक झाल्या, आणि आमच्या शेजारच्या लोणारच्या देवळांचींहि त्यांनीं घेतलेलीं चित्रें आज पाहावयास मिळतात. गिल १८७९ सालीं वारले. त्यांची कबर भुसावळास आहे. तात्पर्य, एक प्रत मोबाईलांत, दुसरी निराळ्या डिस्कवर व ती डिस्क निराळ्या घरांत असावी. शिवाय वर्षाकाठीं बारा तरी चित्रें कागदावर छापून घ्यावींत व प्रत्येकाखालीं नांव, गांव, तारीख लिहावी. हल्लींच्या गुळगुळीत कागदाच्या पाठीवर पेन्सिल उमटत नाहीं व शाई पसरते, म्हणून आल्बमच्या पानावरच लिहिणें बरें.

१९८७ सालचा तो ग्रूप फोटो जाड जुन्या कागदावर आहे. त्याच्या पाठीमागें वडिलांच्या अक्षरांत, पेन्सिलीनें, एकतीस नांवें आहेत. पुढें चेहरे मात्र, त्यांचा धरून, तेहतीस आहेत. त्यांचें सोडलें तर बत्तीस, म्हणजे एक मुलगा उरतो. तिसऱ्या रांगेंत उजवीकडून दुसरा; त्याच्या सदऱ्याचें वरचें बटण तुटलेलें आहे व चित्र घेतांना तो हालल्यामुळें कान दोन झाले आहेत. मूळ चित्र आम्हीं शाळेच्या वाचनालयांत ठेवलें आहे. त्या वर्षीं सातवींत असलेले कोणी आज आमच्या विद्यार्थ्यांचे पालक असतील तर त्यांनीं येऊन पाहावें आणि नांव सांगावें. पेन्सिल तेथेंच ठेवली आहे.