हद्दीपर्यंत

आई गेल्यावर दुसऱ्या महिन्यात वहिनीनं तिचा पानाचा डबा माझ्या हातात ठेवला. पितळेचा, एका अंगाला चेमटलेला. वरच्या खणात सुपारीचा चुरा, वाळलेला कात आणि अडकित्ता. खालच्या खणात कागदाच्या पट्ट्या होत्या, घडी करून एकात एक बसवलेल्या, वर वातीच्या दोऱ्याचा वेढा. दोरा सोडून मी एकेक पट्टी उलगडत गेले. बहुतेक कोऱ्याच निघाल्या. एखादीवर राखाडी सावली, त्यात दोन-चार कानडी अक्षरं, एक शून्य. ती झीरो तिकिटं होती. कंडक्टरच्या मशीनमधल्या कागदावर शाई नसते. उष्णतेनं अक्षर उमटतं आणि उजेडानं, तेलाच्या हातानं उडून जातं. वर्षाच्या आत आईचा सगळा प्रवास पुसून गेला होता.

११ जून २०२३ रोजी कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली. राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसमध्ये भाडं माफ. कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवायचं, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देणार आणि त्या तिकिटांवरच्या अंतराच्या हिशोबानं सरकार महामंडळाला पैसे भरणार. भाडं नसलं तरी तिकीट घ्यावंच लागतं, ते यासाठी. आईला यातलं तिकीट घेणंच जास्त आवडलं होतं. "फुकट नाई गं, तिकीट हाय माझं," असं ती फोनवर दोनदा म्हणाली होती.

तेव्हा ती त्र्याहत्तरची असेल. असेल म्हणते, कारण रझाकारीनंतर दोन वर्षांनी जन्मली एवढंच तिला ठाऊक. निर्ण्यातलं आमचं घर खाऊनपिऊन सुखी. तूर, उडीद, थोडा ऊस. पैशाची कमी नव्हती, पण आईच्या हातात पैसा नसे. आधी आजोबांकडे, मग वडिलांकडे, मग दादाकडे. कुणी नाही म्हणत नसे. फक्त मागावं लागे, आणि मागितलं की साधाच प्रश्न येई, "काय काम हाय?" काम नसायचं. नुसतं जाऊन यावंसं वाटायचं, आणि ते सांगून पैसे मागायची रीत आमच्याकडच्या बायकांना नव्हती. शक्ती योजनेनं आईचं भाडं वाचवलं हे खरंच आहे, पण त्याहून मोठं म्हणजे तिचा तो प्रश्न सुटला. आमच्या स्टाफरूममध्ये लोक म्हणतात, बायका आता उगाच फिरायला लागल्यात. मला त्या 'उगाच'साठी हात जोडावेसे वाटतात. माझी आई पन्नास वर्षं कामाशिवाय घराबाहेर पडली नव्हती. शेवटच्या वर्षात ती उगाच माणिकनगरला गेली, माणिकप्रभूंच्या समाधीसमोर दिवसभर बसली. उगाच गाणगापूरला गेली. शेजारच्या दोघींना घेऊन बिदरच्या नरसिंह झऱ्यात कंबरभर पाण्यातून देवापर्यंत चालत गेली आणि ओल्या लुगड्यानं हसत परत आली.

उदगीरला मात्र ती गेली नाही. उदगीर तिचं माहेर.

हे समजायला थोडं मागं जावं लागतं. आई जन्मली तेव्हा उदगीर बिदर जिल्ह्यात होतं, आणि निर्णाही. निर्णा सर्कल तेव्हा जहिराबाद तालुक्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे गेले, बिदर म्हैसूरकडे, जहिराबाद आंध्राकडे, म्हणजे आताच्या तेलंगणात. राज्य पुनर्रचना कायद्याच्या तिसऱ्या कलमात आंध्राला जोडलेल्या मुलखाची यादी आहे. तिच्यात जहिराबाद तालुक्यापुढे कंस आहे आणि कंसात आमचं गाव, निर्णा सर्कल सोडून. देशाच्या कायद्यात आमच्या गावाचं नाव आहे ते असं, वगळलेलं म्हणून. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ त्या कंसावरून बोट हलेना.

उदगीरच्या आजोबांना हा कंस कधी पटला नाही. त्यांच्या डोक्यात निजामाची मोटार होती. निजामाच्या रेल्वेनं १९३२ साली २७ गाड्यांनिशी रस्त्यावर बससेवा सुरू केली. रेल्वे आणि मोटार एकाच खात्याची. एकात्मिक वाहतूक, एकात्मिक तिकीट हे शब्द आज परिषदांमधून ऐकू येतात. आजोबा फक्त म्हणायचे, "रेलही तीच, मोटारही तीच." त्या राजवटीचं दुःख त्यांनी पुष्कळ सोसलं होतं, पण या एका गोष्टीची आठवण ते काढत. दोन्ही लेकींची लग्नं त्यांनी राज्यं वेगळी झाल्यावर लावली. आईला निर्ण्याला दिलं, धाकट्या मावशीला जहिराबादला. कुणी म्हटलं, लांब दिल्या, तर ते म्हणत, "लांब कुठं? आपल्याच जिल्ह्यात."

त्या लेकींच्या तीन गावांना आता तीन राज्यं आणि तीन सवलती. २०२३ या एका सालात तिन्ही आल्या. १७ मार्चला महाराष्ट्रानं एसटीच्या सगळ्या गाड्यांत बायकांना अर्धं तिकीट केलं. जूनमध्ये शक्ती आली. ९ डिसेंबरला तेलंगणानं महालक्ष्मी योजनेत तिथल्या बायकांना बस मोफत केली. तिन्ही सरकारांनी चांगलंच केलं, हे मी मनापासून म्हणते. पण अर्धं तिकीट महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत, शक्ती कर्नाटकापुरती आणि महालक्ष्मी तेलंगणाच्या शिवेपर्यंत. राज्याराज्यांत करार होतात, कुणाच्या किती गाड्या कुठवर जाणार याचे. त्या करारांवर बस हद्द ओलांडते. सवलत खाली उतरते.

आणि आमच्याकडच्या बाईचं सगळं जाणं-येणं हद्दीवरूनच असतं. माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्या, बहीण तिसऱ्या. मावशी मन्नाखेळीमार्गे निर्ण्याला यायची तेव्हा म्हणायची, "अक्का, अर्ध्या वाटेपर्यंत मी सरकारची, पुढं तुझ्या भावजींची."

मी लातूरला असते. त्या वर्षी दिवाळीनंतर आई आणि मी बिदरहून निर्ण्याला येत होतो. बसमध्ये आईनं खिडकी धरली, मी शेजारी. कंडक्टर आला. "आधार तोरसरी, अव्वा." आईनं पदराच्या गाठीतून कार्ड काढलं, झीरो तिकीट घेतलं. मग त्यानं माझं कार्ड पाहिलं आणि बोटानं पत्त्यावर टिचकी मारली. लातूर. फुल. आई म्हणाली, "लेक हाय माझी. हितंच जन्मली." त्याला मराठी येत होतं. अदबीनं म्हणाला, "अव्वा, कार्डावर लातूर हाय." मी पैसे दिले. पैशाचं काही नव्हतं. लहानपणी याच रस्त्यावर आई एक फुल दोन हाफ म्हणायची, मी खिडकीसाठी भावाशी भांडायची, कंडक्टर रंगीत कागदावर चिमट्यानं टक् टक् भोकं पाडायचा. त्या रस्त्यावर मी पहिल्यांदाच परगावची ठरले होते. आईनं माझ्या हातातून ते तिकीट काढून घेतलं, आपल्या तिकिटाबरोबर घडी केली आणि डब्यात ठेवलं. पुढं मन्नाखेळीपर्यंत ती बोलली नाही.

माझा भाचा जर्मनीत शिकतो. त्यानंही त्याच साली आजीला फोनवर सांगितलं होतं की १ मेपासून तिथं महिन्याला ४९ युरोचं एकच तिकीट निघालं आहे, त्यावर गावातली बस, ट्राम, मेट्रो आणि जवळपासच्या रेल्वेगाड्या, देशातल्या सोळाही राज्यांत. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन् तिथं हद्द नाई का?" हद्द आहे, पण तिकिटाला लागत नाही, असं त्यानं समजावलं. ती बराच वेळ "बरं हाय बाबा, बरं हाय" म्हणत राहिली.

संक्रांतीच्या सुमाराला तिनं मला सहज सांगितलं, "कमलनगरला जाऊन आले."

"कमलनगरला? तिथं कोण आहे आपलं?"

"कोण नाई. बिदरपत्तुर एक झीरो, तिथून कमलनगरपत्तुर दुसरं. उदगीरची गाडी हुबी होती. तिचा कंडक्टर उदगीरचाच निघाला. बोलला बिचारा. हावगीस्वामीच्या मठाजवळचा म्हणाला. मी चहा घेतला आन् उलट्या गाडीनं आले."

कमलनगर हे त्या रस्त्यावरचं कर्नाटकातलं शेवटचं मोठं गाव. तिथून पुढं थोडं अंतर गेलं की महाराष्ट्र, आणि महाराष्ट्रात तिला अर्धंच तिकीट पडलं असतं. थोडक्या पैशांत ती माहेरी पोचली असती. पण ते थोडके पैसे मागावे लागले असते, आणि मग कशाला ते सांगावं लागलं असतं. मामा जाऊन सहा वर्षं झाली होती. वाडा पडला होता. "काय काम हाय?" याला तिच्याकडे उत्तर नव्हतं.

मला तिनं सांगितलं तेव्हा मी काय म्हणाले? "एवढ्या थंडीत कशाला गेलीस?" इतकंच. त्यापुढं मी शाळेच्या परीक्षांबद्दल बोलले. लातूरहून उदगीर जवळ. एका रविवारी निघून कमलनगरला तिची वाट पाहत उभी राहिले असते, तर पुढचं तिकीट मी काढलं असतं. ती झीरोवर आली असती, मी हाफवर. हे मला वैशाखात सुचलं, दहाव्याला, मावशी जहिराबादहून येऊन दारात उभी राहिली तेव्हा. तिच्या मुठीत तिकिटांचे दोन कागद होते.

डब्यातल्या पट्ट्या मी मोजल्या. एकेचाळीस. त्यांत कमलनगरची दोन असणार, जाण्याचं आणि येण्याचं. माझं ते फुल तिकीटही असणार. कोणतं कोणाचं हे आता ओळखू येत नाही. मावशीनं त्यातली चार-पाच मागून घेतली आणि रुमालात बांधली.

मागच्या श्रावणात मी लातूरहून निघाले, उदगीरला बस बदलली. कंडक्टरला म्हणाले, "एक हाफ, कमलनगर."

"हाफ हद्दीपर्यंत, ताई. तिथून फुल. दोन तिकिटं होतील."

"द्या," म्हटलं. कमलनगरला उतरले. पाऊस होता. समोर बिदरची गाडी लागली होती, बायका डोक्यावर पिशव्या धरून चढत होत्या, हातात आधार कार्डं. टपरीवाल्यानं चहा पुढं केला आणि विचारलं, "कुणीकडं जायचंय?"