बाईंचे मसुदे

बाईंचं खरं भांडण झाडं लावणाऱ्यांशी. बिल्डरचं काय, हरकतीचा अर्ज, सुनावणी, पुढची तारीख, सगळं ठरलेलं. पण पहिल्या पावसात कुदळी-फावडी घेऊन वेताळ टेकडी चढणारी हौशी मंडळी दिसली, की बाईंच्या कपाळाला आठी पडायची. "माळ रिकामा दिसतो ना, म्हणून यांना तो भरायचाय."

कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. निवृत्तीनंतर कॉलेज सुटलं, टेकडी नाही. पुणे शहरातली ही सर्वांत उंच जागा. वर काळा कातळ, त्यावर कुठे वीतभर माती, कुठे तीही नाही. गवताला तेवढी पुरते. पाऊस स्थिरावला की कुसळीच्या पात्यांतून पांढरी मुसळी डोकं काढते, झुडपांवर कळलावी चढते. चंडोल तिथेच जमिनीवर घरटं करतो. खड्डा खणणाऱ्याला ते दिसतही नाही. उतारावरची ग्लिरिसिडियाची लागवड बाई मुद्दाम मार्चमध्ये दाखवायला न्यायच्या. वर गुलाबी फुलांचा बहर, खाली जवळजवळ काहीच नाही. "फोटोला छान आहे," एवढंच म्हणायच्या.

उरलेलं आयुष्य कागदांत गेलं. 1997 मध्ये 23 गावं पुण्यात आली आणि भोवतालच्या टेकड्यांवर सगळ्यांचाच डोळा गेला. तिथल्या 978 हेक्टरांवरच्या जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणाला शासनाची मंजुरी मिळायला 2015 उजाडलं. तोवर बाईंच्या पिशवीत डब्याशेजारी कायम नकाशा. आम्ही पेढे घेऊन गेलो, तर म्हणाल्या, "कागदावर मिळालंय. जागेवर बघू." 2023 च्या एप्रिलमध्ये वेताळ टेकडीसाठी मोर्चा निघाला, तेव्हा गुडघे साथ देत नव्हते; तरी रिक्षा करून आल्या.

गेल्या पावसाळ्यात बाई गेल्या. शोकसभेत कुणीतरी सुचवलं, त्यांच्या स्मरणार्थ टेकडीवर शंभर झाडं लावू. मी उठले. माळाबद्दल बोलले, चंडोलाबद्दल बोलले, जरा लांबलंच. लोक अवघडले; शोकसभेत कुणी वाद घालतं का! एक काका समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं, झाड लावण्यात वाईट काय?" याचं उत्तर बाई अर्ध्या मिनिटात द्यायच्या, तेही समोरच्याला हसवून. मला ते जमत नाही. शेवटी झाडं त्यांच्या सोसायटीच्या आवारात लावायची ठरली.

त्यांच्या मुलाने फायली मला दिल्या. वनखात्याला, महापालिकेला, वर्तमानपत्रांना लिहिलेल्या पत्रांचे मसुदे, बारीक तिरप्या अक्षरात. तारीख आणि सही बदलली की आजही चालतील असे. मागच्या आठवड्यात जुन्या खाणीच्या वरच्या अंगाला ओळीने नवे खड्डे दिसले. घरी येऊन एक मसुदा उतरवून काढला. बाईंचं एक वाक्य फार टोचणारं वाटलं, सौम्य करायला घेतलं. मग खोडलेलं पुन्हा लिहिलं आणि पत्र टाकून आले.