सायलीचे मुसके

ज्या जातीला कोरियाच्या शासनाने १९६२ साली राष्ट्राचे ‘नैसर्गिक स्मारक’ ठरविले आणि जिच्या रक्षणासाठी १९६७ साली स्वतंत्र कायदा केला, त्याच जातीच्या एका निरुपद्रवी कुत्रीला त्याच देशातील एका निवासी संकुलात मुसक्यावाचून वावरण्यास मज्जाव व्हावा, ही गोष्ट इतका काळ लोटूनही माझ्या मनातून जात नाही.

यजमानांच्या नोकरीनिमित्त आम्ही सुवोनला राहतो. सायली जिंदो जातीची. कोरियाच्या नैर्ऋत्येस असलेल्या जिंदो बेटावरची ही जात. आम्ही तिला बेवारस जनावरांच्या सरकारी आश्रयगृहातून आणले. तेथे जाहीर सूचनेची मुदत संपेपर्यंत मालक आला नाही की जनावर सरकारजमा होते, आणि मग मोठ्या आकाराच्या कुत्र्याला घर मिळणे दुरापास्तच.

या जातीचा स्वभाव मानी असतो. परक्याच्या हातचा घास सायली हुंगतही नाही, विनाकारण भुंकत नाही, आणि घरात घाण करणे तिला इतके अप्रशस्त वाटते की, तुफानाच्या रात्रीसुद्धा, पावसाचा तिला मनस्वी तिटकारा असताना, ती दाराशी येऊन निमूट उभी राहते. सबब ऊन असो वा हिमवर्षाव, सकाळ-सायंकाळ तिला बाहेर नेणे चुकत नाही. वसंतात आणि शरदात तिची आतली दाट लव झडू लागली की रोज विंचरावे लागते; न विंचरल्यास पांढऱ्या केसांचे पुंजके अंथरुणापासून देवघरापर्यंत पोचतात.

एके दिवशी व्यवस्थापन कार्यालयातून लेखी समज आली. मजकूर असा की, आमचे कुत्रे लिफ्टमध्ये रहिवाशांकडे ‘रोखून पाहते’, तरी त्यास मुसके घालावे व जिन्यानेच न्यावे. लिफ्टमध्ये सायली काय करीत असे, ते मी नित्य पाहत होते : कोपऱ्याकडे तोंड करून, कान मागे पाडून, दार उघडेपर्यंत ती भिंतीशी खिळून राही, आणि नियमाप्रमाणे तिचा गळपट्टा माझ्या मुठीत असे. मी कायद्याची प्रत घेऊन कार्यालयात गेले. मुसक्याची सक्ती तोसा, अमेरिकन पिट बुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशर टेरियर, स्टॅफर्डशर बुल टेरियर व रॉटवायलर या पाच जातींना व त्यांच्या संकरांना आहे. त्या यादीत जिंदोचे नाव नाही. कारकुनाने यादी दोनदा वाचली आणि अत्यंत सौजन्याने म्हटले, “बाईसाहेब, कायदा तुमच्या बाजूने आहे, परंतु रहिवाशांची भीती कायद्याने जात नाही.” मी लेखी कैफियत दिली, लसीकरणाचे दाखले जोडले, नोंदणीचा क्रमांक कळविला. उत्तर आले नाही. आली ती दुसरी समज, पहिलीच शब्दशः. तक्रारदार कोण, हे शेवटपर्यंत सांगण्यात आले नाही. आरोप आहे पण फिर्यादी नाही, अशा दफ्तरापुढे माणसाने कोणता पुरावा मांडावा? आणि ज्या घरांतून ही तक्रार निघाली असेल, त्याच घरांतून बेकगूची कथा मुलांना सांगितली जात असेल : १९९३ साली देजॉनला विकलेली ती जिंदो कुत्री सात महिन्यांनी सुमारे ३०० किलोमीटर अंतर तोडून आपल्या वृद्ध मालकिणीच्या दारी परतली होती. बेटावर तिचा पुतळा उभारणारा समाज तिच्याच जातभाईंना शेजारी राहू देत नाही, हे मला दुःसह वाटते.

आम्ही अंगण असलेल्या जुन्या घरात बिऱ्हाड हलविले. तेथे एका सायंकाळी कुंपणावरून मांजर गेले मात्र, सायलीने अशी झेप घेतली की, दोर हाताला बांधलेला नसता तर त्या मांजराची धडगत नव्हती. शिकारीची ही ऊर्मी तिच्या रक्तातच आहे; मोकळी सोडल्यास हाकेला ती ओ देईल, याचा भरवसा नाही. त्या क्षणी तिच्या डोळ्यांत जे दिसले, ते पाहून अनोळखी माणूस बिचकला तर त्याला मी दोष देणार नाही.

म्हणून पुण्याचे आप्त जेव्हा असले पिल्लू मागतात, तेव्हा मी स्पष्ट नकार देते. तेथील उन्हाळा या दाट केसांना सोसणार नाही. दिवसभर घराला कुलूप असणाऱ्यांनी, किंवा दुसऱ्याच्या हाती साखळी सोपवून गावाला जाणाऱ्यांनी तर या वाटेस जाऊच नये. जिंदो एकदा धनी मानतो, तो मानतो. धनी बदलणे त्याला फार जड जाते. आणि तरीही सरकारला माझे सांगणे आहे की, बेटावरच्या जिंदोचे जतन करताना आश्रयगृहांतल्या जिंदोंची वास्तपुस्त कोणीतरी घ्यावी, आणि कायद्याने ज्याला मुसके सांगितलेले नाही, त्याला ते घालावयास लावण्याचा अधिकार कोणत्याही संकुलास असू नये.