टाळ ऐकू येतो का?

रायपूरच्या पुरानी बस्तीत, महामाया मंदिराच्या वाटेवर, मोबाईलच्या सामानाचं एक छोटं दुकान आहे. तिथे 300, 500 आणि 900 रुपयांचे वायरवाले इअरफोन घेऊन मी पाऊण तास ठाण मांडलं. (ब्लूटूथ नको, फील्डमध्ये चार्जिंगची आणखी एक कटकट कोण घेणार?)

परीक्षेला भीमसेनजींची संतवाणी. 300 वाल्यात डग्गा नुसता घुमतो, अभंगाचे शब्द त्याखाली दबतात. 500 वाल्यात शब्द सुटे. त्याची रबरी टोपी मात्र कानात घट्ट बसायला हवी. फट राहिली की खर्ज पळतो आणि तोच इअरफोन पत्र्यासारखा वाजतो. शिव्या द्यायच्या आधी टोपी बदलून बघा.

900 वाल्यात मला वेगळं काही कळेना. दुकानातला पोरगा म्हणाला, "साहब, इसमें झांझ एकदम साफ है."

कुठली झांझ?

बंदुकीच्या आवाजाने कान जातो तो आधी 4000 हर्ट्झच्या आसपास. उजव्या खांद्यावरून फायर करणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो. एनडीएपासून आजवरच्या सगळ्या रेंज माझ्या ऑडिओग्रामवर तिथेच खड्डा होऊन बसल्या आहेत.

500 वाला घेतला. डावा-उजवा उलटे घालून पाहिले. टाळ थोडा आला.